पालकांचा हक्क, पण कोणत्या पालकांचा?

‘माझ्या मुलाने शाळेत मास्क घालायचा की नाही हे मी ठरवणार, त्यात सरकारचा काय संबंध?’ अमेरिकेतल्या सरकारी शाळांबाबत २०२१ मध्ये हा सवाल उभा राहिला आणि बघता बघता अनेक राज्यांत त्याचा कायदा झाला. टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी मे महिन्यातच शाळांना मास्कची सक्ती करायला मनाई केली. त्याच महिन्यात आयोवाच्या विधिमंडळाने तसा कायदा केला. फ्लोरिडात गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी जूनच्या अखेरीस पालकांच्या हक्कांच्या कायद्यावर सही केली आणि ३० जुलैला, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, मास्कचा निर्णय पालकांच्याच हाती राहील असा आदेश काढला. व्हर्जिनियात ग्लेन यंगकिन यांनी जानेवारी २०२२ मध्ये गव्हर्नरपदाची शपथ घेतली त्याच दिवशी हाच आदेश दिला. आता त्या शाळांत मास्क राहिलेले नाहीत आणि पुष्कळांना तो वाद मिटल्यासारखा वाटतो. तो मिटलेला नाही. मास्कच्या निमित्ताने पालकांच्या हक्काची जी व्याख्या रूढ केली गेली, ती आज लसीकरणाला लावली जात आहे. ही व्याख्या मुळातच चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. पालकांना हक्क असतो, आणि तो फार मोठा असतो. पण तो आपल्या मुलापुरता असतो. शेजारच्या बाकावरच्या मुलाने कोणत्या हवेत श्वास घ्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यात येत नाही.

या हक्काच्या बाजूने अमेरिकेत तीन जुने निकाल हटकून पुढे केले जातात, म्हणून सुरुवात तिथूनच करू. नेब्रास्कात पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनद्वेषातून लहान मुलांना परकी भाषा शिकवणं गुन्हा ठरवलं गेलं होतं. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. ऑरेगनने प्रत्येक मुलाला सरकारी शाळेतच घातलं पाहिजे असा कायदा केला, तोही १९२५ साली टिकला नाही. १९७२ साली विस्कॉन्सिनच्या आमिश पंथीयांना आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा मिळाली. हे तिन्ही निकाल मोलाचे आहेत आणि ते मोडीत निघावेत असं कोणालाही वाटू नये. पण या तिन्हींत वाद कशाचा होता? मुलाने काय शिकावं, कुठे शिकावं, कोणत्या श्रद्धेत वाढावं याचा. एका मुलाने जर्मन शिकल्याने दुसऱ्या मुलाचं काहीच बिघडत नव्हतं. आमिश निकालात तर न्यायालयाने आवर्जून म्हटलं आहे की, मुलाच्या प्रकृतीला किंवा सार्वजनिक सुरक्षिततेला धोका असल्याचं या खटल्यात दिसत नाही. हक्काचं कुंपण न्यायालयाने स्वतःच घातलं होतं.

कुंपणापलीकडचे निकालही तितकेच जुने आहेत. १९०२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात हेनिंग जेकबसन यांनी देवीची लस घ्यायला नकार दिला. त्यांना पाच डॉलरचा दंड झाला आणि १९०५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. १९२२ साली टेक्सासच्या सॅन अँटोनिओ शहरात लस न घेतलेल्या मुलीला शाळेत न घेण्याचा नियम न्यायालयाने एकमताने मान्य केला. एका बाईने आपल्या भाचीला रस्त्यावर धार्मिक मासिकं विकायला उभं केलं. त्या खटल्याच्या १९४४ सालच्या निकालात, धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली मुलाला किंवा समाजाला साथीच्या रोगाच्या तोंडी देता येत नाही, असं न्यायालयाने जाता जाता स्पष्ट करून टाकलं. हे दोन्ही प्रवाह एकत्र वाचले की त्यांत विसंगती उरत नाही. मूल आपल्या घरचं आहे तोवर पालकांचा शब्द जवळजवळ अखेरचा असतो. त्याच्या वागण्याने दुसऱ्याच्या मुलाला अपाय होण्याचा संभव दिसला, की तिथे इतर पालकही बोलायला बसतात.

मास्कच्या बाबतीत तसा संभव होता का, हा खरा प्रश्न. त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमधला एक वर्ग जवळून पाहण्यासारखा आहे. मे २०२१ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षकाला नाक चोंदणं, थकवा अशी लक्षणं दिसू लागली. लस घेतलेली नव्हती. ॲलर्जी असेल असं समजून शिकवणं चालूच राहिलं. शाळेत मास्कचा नियम होता, पण मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना हा शिक्षक मास्क काढत असे. बाकांमध्ये सहा फुटांचं अंतर होतं, दारं-खिडक्या उघड्या होत्या, हवा गाळणारं यंत्रही चालू होतं, आणि चौकशीत आढळल्याप्रमाणे मुलांनी मास्क घातलेले होते. तरी वर्गातल्या २४ मुलांपैकी १२ जणांना करोना झाला. पुढच्या दोन ओळींत बसलेल्या दहांपैकी आठ मुलं बाधित निघाली. त्या वयाच्या मुलांसाठी तेव्हा लस उपलब्धच नव्हती. इथे मास्क काढणारी व्यक्ती शिक्षक होती, विद्यार्थी नव्हता, हे मान्य. पण वर्गातल्या हवेला हा फरक कळत नाही. साधा मास्क घालणाऱ्याचं थोडंफार रक्षण करतो. त्याचं मुख्य काम घालणाऱ्याच्या तोंडून बाहेर पडणारं रोखण्याचं. म्हणून ‘ज्याला हवा त्याने घालावा, नको त्याने घालू नये’ ही तोड वरकरणी समजूतदार वाटली तरी तिने मास्कचा मुख्य उपयोगच संपतो. सामाईक विहिरीबद्दल प्रत्येक घराने आपापला नियम करायचा ठरवलं, तर विहिरीला नियम उरतच नाही.

आता या आदेशांनी हक्क नेमका कोणाला मिळाला ते पाहू. अमेरिकेत शाळा कशी चालवायची हे बहुतांशी स्थानिक शाळा मंडळ ठरवतं. हे मंडळ बहुतेक ठिकाणी त्याच गावातले मतदार निवडून देतात, त्याच्या बैठका जाहीर असतात आणि कोणीही पालक तिथे उठून दोन-तीन मिनिटं बोलू शकतो. पालकांच्या सामूहिक आवाजासाठी यापेक्षा जवळची व्यवस्था त्या देशात नाही. फ्लोरिडात अलाचुआ आणि ब्रोवर्ड काउंटीच्या मंडळांनी साथ ऐन भरात असताना मास्कची सक्ती केली आणि वैद्यकीय कारण असलेल्यांनाच सूट दिली, तेव्हा राज्याने मंडळाच्या सदस्यांच्या मानधनाइतकी रक्कम रोखली. ज्यांना तिथल्या मतदारांनी निवडलं होतं त्यांना राजधानीतून शिक्षा झाली, आणि हे सगळं पालकांच्या हक्काच्या नावाने. या आदेशाविरुद्धच्या खटल्यात लिऑन काउंटीच्या न्यायालयात न्यायाधीश जॉन कूपर यांनी ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस सरकारच्या विरोधात निकाल दिला. सरकार आपल्याच कायद्याचा अर्धा भाग वाचतं आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. पालकांच्या हक्कात सरकारने ढवळाढवळ करू नये असं तो कायदा म्हणतो; पण वाजवी, आवश्यक आणि नेमक्या उद्देशापुरती मर्यादित असलेली कृती करण्याची मोकळीकही तोच कायदा देतो. तेव्हा आपला नियम वाजवी आहे हे सिद्ध करण्याची संधी मंडळांना मिळायलाच हवी होती. दोन आठवड्यांत वरच्या न्यायालयाने सरकारला पुन्हा मोकळीक दिली आणि नोव्हेंबरमध्ये विधिमंडळाने विशेष अधिवेशन घेऊन शाळांतली मास्कसक्ती कायद्यानेच बंद केली. कूपर यांचा मुद्दा मात्र कोणी खोडून काढलेला मला दिसला नाही.

टेक्सासमध्ये हाच प्रश्न आणखी टोकदार झाला. दमा, डाउन सिंड्रोम, दुबळी प्रतिकारशक्ती अशा कारणांनी करोनाचा जास्त धोका असलेल्या काही मुलांच्या आईवडिलांनी केंद्रीय न्यायालयात धाव घेतली. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या मुलांना इतरांबरोबर वर्गात बसता यावं म्हणून शाळेला मास्कचा नियम करावासा वाटला, तर तो करण्याची तिला मुभा असू द्या. न्यायाधीश ली येकल यांनी १० नोव्हेंबर २०२१ रोजी गव्हर्नरांचा आदेश अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचा भंग करणारा ठरवला. अपील न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली आणि २०२२ च्या जुलैमध्ये, या मुलांना असा दावा लावण्याचा आधारच नाही, असं सांगून तो रद्द केला. कायद्याच्या तांत्रिक बाजूने काय व्हायचं ते झालं. पण ते आईवडीलही पालकच होते. मुलाला वर्गात पाठवून धोका पत्करायचा, की घरी ठेवून त्याचं शिक्षण आणि सोबत दोन्ही तोडायचं, एवढीच निवड त्यांच्यापुढे राहिली. ज्यांना मास्क नको होता त्या पालकांच्या इच्छेला राज्याचं बळ मिळालं, आणि ज्यांना तो हवा होता त्यांच्या इच्छेची नोंदही झाली नाही. याला पालकांच्या हक्काचा विजय म्हणणं मला मान्य नाही. हा काही पालकांचा इतर पालकांवर झालेला विजय होता.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप येतो तो पुराव्याचा. शाळेतल्या मास्कने खरंच किती फरक पडला? इथे मास्कच्या समर्थकांनी प्रामाणिक राहायला हवं, कारण त्यांच्यातल्या अनेकांनी पुराव्यापेक्षा मोठा आवाज लावला. जॉर्जियातल्या १६९ प्राथमिक शाळांच्या पाहणीत शिक्षकांना मास्क सक्तीचा असलेल्या ठिकाणी रुग्णांचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळलं आणि हवा खेळती ठेवणाऱ्या शाळांत ३९ टक्क्यांनी. पण विद्यार्थ्यांवरच्या सक्तीने पडलेला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. ॲरिझोनातल्या एका पाहणीने सक्ती नसलेल्या शाळांत उद्रेकाची शक्यता साडेतीन पट असल्याचं सांगितलं. तिच्या पद्धतीवर गंभीर टीका झाली. देशभरातल्या काउंटींच्या आणखी एका पाहणीत जो संबंध दिसला होता, तो अधिक काउंटी आणि अधिक काळ घेऊन केलेल्या फेरतपासणीत नाहीसा झाला. दुसऱ्या बाजूला, मॅसॅच्युसेट्सने फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस राज्यव्यापी सक्ती उठवल्यानंतर बोस्टन परिसरातल्या ७२ शालेय जिल्ह्यांची तुलना झाली. ज्यांनी लगेच मास्क सोडले तिथे पंधरा आठवड्यांत दर हजार विद्यार्थी-कर्मचाऱ्यांमागे सुमारे ४५ रुग्ण जास्त आढळले. तीही निरीक्षणावर आधारलेली पाहणी, प्रयोग नव्हे. बांगलादेशात ६०० खेड्यांत झालेल्या मोठ्या प्रयोगात सर्जिकल मास्कच्या प्रसाराने लक्षणांसह झालेला संसर्ग अकरा टक्क्यांच्या आसपास घटला, कापडी मास्कचा लाभ स्पष्ट झाला नाही, आणि त्या प्रयोगात सहभागी होते ते प्रौढ. वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ मधल्या आढाव्याचा ‘मास्क निरुपयोगी’ असा डंका पिटला गेला, तेव्हा कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनाच खुलासा करावा लागला की आढावा अनिर्णित आहे. थोडक्यात, लाभ बहुधा होता, पण माफक. मास्क कसला आहे, तो किती नीट घातला आहे आणि साथ कोणत्या टप्प्यावर आहे यावर तो अवलंबून होता.

पुरावा असा मध्यम आहे म्हणून हक्काचा दावा खरा ठरत नाही. किंबहुना इथेच त्या दाव्याची खोट उघडी पडते. ‘मास्कचा उपयोग नाही’ हे विधान एका विशिष्ट नियमाविरुद्धचं आहे. ते खरं असेल तर तो नियम करू नये, एवढंच त्यातून निघतं. ‘ठरवण्याचा हक्क माझाच’ हे विधान वेगळं आहे. ते खरं असेल तर मास्क शंभर टक्के उपयोगी असला तरी सक्ती करता येणार नाही. वादात मात्र ही दोन विधानं एकमेकांच्या आड लपतात. हक्काबद्दल विचारलं की पुराव्याकडे बोट दाखवायचं, आणि पुरावा मांडला की हक्काकडे. म्हणून समोरच्याला एकच विचारावं. मुलांना सहज मारणारी एखादी साथ आली, आणि मास्कने ती निश्चित रोखता येत असली, तर सक्ती चालेल का? ‘चालेल’ म्हणणाऱ्याने मान्य केलं की हा हक्क निरपवाद नाही, धोका आणि लाभ तोलूनच निर्णय करायचा आहे. मग उरतो तो तराजू कोणी धरायचा हा प्रश्न, आणि निवडून आलेलं स्थानिक मंडळ हे त्याचं सरळ उत्तर आहे. ‘तरीही चालणार नाही’ म्हणणाऱ्याने आपली भूमिका तशाच स्पष्ट शब्दांत मतदारांपुढे ठेवावी. फ्लोरिडा आणि टेक्सासच्या आदेशांनी तोलण्याची ही मुभाच काढून घेतली. पुरावा अर्धवट असताना वेगवेगळ्या गावांनी वेगवेगळे निर्णय घेऊन पाहण्यात शहाणपण होतं. एका सहीने सगळ्यांना एकाच दिशेला उभं करण्यात ते नव्हतं. हे उलट बाजूलाही लागू आहे. पेनसिल्व्हेनियात आरोग्य खात्याने विधिमंडळाला वळसा घालून राज्यभर शाळांत मास्क सक्तीचा केला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये तो आदेश अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द केला, ते योग्यच झालं.

मुलांना होणाऱ्या त्रासाचा मुद्दा मी हलका मानत नाही. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला समोरच्याचे ओठ दिसावे लागतात, बोलायला शिकणाऱ्याला शिक्षकाचा चेहरा हवा असतो, स्वमग्न मुलाला कापडाचा स्पर्शही असह्य होऊ शकतो. अशा मुलांना सूट मिळायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको असं २०२० मध्येच सांगितलं होतं. अमेरिकेने मात्र केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या बालवाड्यांत दोन वर्षांच्या मुलांवर तो लादला, आणि त्याचं समर्थन मला शक्य नाही. उपाहारगृहांत मोठी माणसं उघड्या तोंडाने बसलेली असताना त्याच गावात मुलं दिवसभर मास्कमध्ये होती, ही तक्रारही न्याय्य आहे. पण या साऱ्यांवरचा उपाय नियम सुधारणं हाच आहे. सूट कोणाला, मुदत किती, कोणत्या आकड्यावर नियम लागेल आणि कोणत्या आकड्यावर उठेल, हे आधी जाहीर करा. अनेक मंडळांनी शेवटची तारीख सांगितलीच नाही आणि पालकांचा विश्वास गमावला. आणि ‘ज्याला धोका आहे त्याने चांगला मास्क घालावा’ या सल्ल्याबद्दल एवढंच सांगतो की, अमेरिकेत एन-९५ मास्कचं प्रमाणन प्रौढ कामगारांसाठी होतं, मुलांच्या मापाचे प्रमाणित एन-९५ नव्हतेच. मरीनच्या त्या वर्गातल्या मुलांनी मास्क घातलेलेच होते.

पालकांचा राग आला कुठून, हेही समजून घेतलं पाहिजे. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या शहरांत शाळा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ बंद राहिल्या. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत नऊ वर्षांच्या मुलांचे गुण २०२० च्या तुलनेत वाचनात पाचने आणि गणितात सातने घसरले. गणितातली घसरण तर त्या चाचणीच्या इतिहासात पहिलीच. घरात मूल कोमेजताना पाहिलेल्या आईने पुढच्या प्रत्येक नियमाकडे संशयाने पाहावं, यात नवल नाही. शाळा मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांना पाठवलेल्या पत्रात बैठकांमधल्या धमक्यांना देशांतर्गत दहशतवादाच्या पंगतीला बसवलं, तो घोर अन्याय होता. महिन्याभरात संघटनेला माफी मागावी लागली. रागाला कारण होतं. पण त्या रागावर स्वार होऊन जो सिद्धान्त कायद्यात बसवला गेला, त्याला तेवढ्याने आधार मिळत नाही.

ही हद्द वेगळ्या रीतीनेही आखता येते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा पालकांचं लेखी संमतीपत्र मागितलं गेलं. मुलाला पाठवायचं की नाही हे पालकांनी ठरवायचं. पाठवलं तर मात्र मास्कचा नियम सर्वांना सारखा. आपल्याकडे शाळा फार उशिरा उघडल्या आणि त्याची किंमत मुलांनी मोजली, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण हक्काची हद्द त्या संमतीपत्राने बरोबर आखली होती. टेक्सास आणि व्हर्जिनियातल्या सरकारी शाळांत आज कितीतरी मराठी घरांतली मुलं आहेत. व्हिसावर असलेल्या त्यांच्या आईवडिलांना मतदान करता येत नाही, पण मंडळाच्या बैठकीत उठून बोलता येतं. निर्णय राजधानीत गेला की ते दारही बंद होतं.

आणि निर्णय आता मास्कपुरता राहिलेला नाही. बालवाडीत येणाऱ्या मुलांतलं गोवराच्या लसीचं प्रमाण २०२४-२५ मध्ये अमेरिकाभरात ९२.५ टक्क्यांवर आलं. साथ रोखायला ते ९५च्या आसपास लागतं. सूट घेणाऱ्यांचं प्रमाण ३.६ टक्के झालं. २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासमधून पसरलेल्या गोवराने राज्यात ७६२ जण आजारी पडले आणि शाळकरी वयाच्या, लस न दिलेल्या दोन मुलांचा बळी गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्लोरिडाचे सर्जन जनरल जोसेफ लडापो यांनी शाळेसाठीच्या सगळ्या लसींची सक्ती संपवण्याचा इरादा जाहीर केला, आणि युक्तिवाद पुन्हा तोच: शरीर तुमचं, मूल तुमचं, निर्णय तुमचा. मास्कच्या वेळी लाभ माफक होता, म्हणून पुष्कळांना हा युक्तिवाद निरुपद्रवी वाटला. गोवराच्या लसीचा लाभ माफक नाही. तिचे दोन डोस ९७ टक्के संरक्षण देतात आणि त्यावर दशकांचा अनुभव आहे. तरी युक्तिवाद तसूभरही बदलला नाही, कारण पुरावा त्याच्या हिशेबात कधी नव्हताच. फ्लोरिडात कांजिण्या, कावीळ-ब अशा काही लसींची अट आरोग्य खात्याच्या नियमाने आलेली आहे, ती खातं स्वतःच काढू शकतं. गोवर आणि पोलिओची अट कायद्यातच आहे, ती विधिमंडळाशिवाय हलत नाही. तिथे मत देणाऱ्या प्रत्येक आमदाराने, ज्याच्या मुलाला रक्ताच्या कर्करोगामुळे ही लस घेताच येत नाही अशा आपल्या मतदारसंघातल्या पालकाला, त्याचा हक्क या कायद्यात कुठे लिहिला आहे ते दाखवून द्यावं, आणि मगच मत द्यावं.